सहीची मुदत

१८ फेब्रुवारी

कारखान्यातल्या स्टोअर ऑफिसरला मी आज रडवलं नाही, एवढंच. बाकी सगळं बोलून झालं. सहा जुने संगणक कधीपासून ताडपत्रीखाली पडलेत. भंगारवाल्याला किलोवर द्यायचं ठरलंय. आमच्या पोलादपूरच्या विहारातल्या अभ्यासिकेला द्या म्हटलं, तर साहेब म्हणतात, मॅडम, प्रोसिजर असते. ज्याला मोजपात्र डोळ्यांच्या रेषेत धरायचं हे मी शिकवलं, तो मला प्रोसिजर शिकवतो.

या महाडच्या वसाहतीत मी उभा जन्म घालवला. माझ्या सहीशिवाय औषधाची एकही बॅच फाटकाबाहेर गेली नाही. निवृत्त झाले त्या दिवशी त्यांनी शाल दिली, नारळ दिला आणि माझ्या सहीचा रबरी शिक्का माझ्यासमोर कात्रीने कापला. तीही प्रोसिजरच. कात्री बोथट होती, तीन वेळा चालवावी लागली.

संगणक मिळाले. अक्षयच्या टेम्पोत टाकून आणले. वाटेत त्याने चहाला थांबवलं आणि माल कुणाचा म्हणून विचारलं. मी म्हटलं, माझा.

१९ फेब्रुवारी

काल लिहायचं राहिलं ते लिहिते, नाहीतर पुढे मलाच कळणार नाही मी कशात पडले ते.

दीक्षा ही माझ्या शेजारच्या वाडीतल्या येसूबाईंची नात. महाडच्या कॉलेजातून संगणकाची पदवी घेतली. विहाराच्या मागच्या खोलीत तिला मुलींसाठी अभ्यासिका काढायची आहे: टंकलेखन, सराव परीक्षा, अर्ज भरणं. खोली समितीची. समितीचे सचिव नागसेनभाऊ, निवृत्त एसटी ड्रायव्हर. बोलतातही कशेडी घाट पहिल्या गिअरमध्ये चढवल्यासारखे. त्यांनी सांगून टाकलं, चौदा एप्रिलला जयंतीच्या दिवशी संगणक चालू दिसले तर खोली दीक्षाची. नाहीतर एक मंडपवाला खुर्च्या ठेवायला भाड्याने मागतोय, त्याला. मग दीक्षा दिव्याला आत्याकडे जाणार आणि ऐरोलीत कुठल्याशा कॉल सेंटरमध्ये लोकांच्या शिव्या ऐकणार. कॉल सेंटरवाल्यांनी तिला उत्तरासाठी पंधरा एप्रिलपर्यंत थांबू दिलंय.

माझा यात संबंध एवढाच की मी मेअखेर पुण्याला मुलाकडे, किशोरकडे, कायमची जाणार आहे, आणि तोवर रिकामी आहे. किशोरने माझी खोली रंगवून ठेवली. रंग मला विचारला नाही. फिकट जांभळा. रुग्णालयात प्रसूतीविभागाला देतात तसा.

२४ फेब्रुवारी

दीक्षाचा वर्गमित्र ओम मुंबईहून आला आणि सहाही यंत्रांत लिनक्स टाकून गेला. मुलगा केस विंचरत नाही, पण काम चोख. विंडोज या यंत्रांना झेपणार नाही म्हणाला. त्याने टाकलं त्याचं नाव जेंटू. त्याची तऱ्हा वेगळी. बाकीच्यांकडे प्रोग्रॅम तयार मिळतो. इथे त्याचा मूळ मजकूर येतो आणि आपलं यंत्र तो स्वतः दळून त्याचा चालता प्रोग्रॅम करतं. दीक्षाने मला सोपं करून सांगितलं: "आपल्याकडे भात येतं, मॅडम, तांदूळ नाही. कांडायचं घरी."

मला हे फार पटलं. मी आयुष्यात डबाबंद मसाला घरात आणला नाही. कशात काय घातलंय हे दिसलं पाहिजे, आणि नको ते वगळता आलं पाहिजे. ओमने तेच केलं. छपाई नको, आवाजाची दहा सोंगं नकोत. सगळं छाटलं, म्हणून ही म्हातारी यंत्रं उभी राहिली.

हे सामान आणणं, कशाला काय लागतं ते ओळखून आधी ते बसवणं, जुनं झालेलं काढणं, हे सगळं एक प्रोग्रॅम करतो. त्याला पॅकेज मॅनेजर म्हणतात. मी त्याला स्टोअरकीपर म्हणते. कारखान्यातल्यापेक्षा हुशार आहे. ही फार मोठी स्तुती नव्हे.

१ मार्च

ब्राउझर दळून होत नाही.

पहिल्या यंत्रावर सकाळी लावला. दुपारी वीज गेली. संध्याकाळी पुन्हा पहिल्यापासून. दुसऱ्या दिवशी पुन्हा वीज. सहा यंत्रांचा हिशेब मी मांडला नाही, कारण उत्तर पावसाळ्यात पडत होतं. आणि ब्राउझरशिवाय सराव परीक्षा नाहीत.

दीक्षा हळूच म्हणाली, तयार पॅकेजंही मिळतात. बायनरी. कुणीतरी आधीच दळून ठेवलेली. उतरवायची आणि बसवायची.

मी तिला फैलावर घेतलं. कोणी दळलं? कुठे? हात धुतले होते का? काल भात कांडायचं तत्त्वज्ञान सांगत होतीस आणि आज पाकीट फोडायला निघालीस. ती ऐकून घेते, हा तिचा गुण. सगळं झाल्यावर म्हणाली, "पाकिटावर सही असते, मॅडम. सही जुळल्याशिवाय स्टोअरकीपर घेत नाही."

सही म्हटल्यावर मी बसले.

३ मार्च

दोन दिवस फक्त हेच वाचलं. स्वयंपाक म्हणजे भात आणि ताक.

सांगायला हरकत नाही की व्यवस्था चांगली आहे. ज्याने पाकीट भरलं तो आपल्या गुप्त किल्लीने त्यावर सही करतो. ती सही खरी की खोटी हे ओळखायची दुसरी किल्ली उघडी असते, ती आपल्या यंत्राजवळ. पाकीट आलं की स्टोअरकीपर आधी सही बघतो. मग लेबल: आपण मागितलेले पर्याय आणि पाकिटातले पर्याय तेच आहेत का. मग त्याला लागणाऱ्या बाकीच्या वस्तू घरात आहेत का. काही जुळलं नाही तर कुरकुर न करता पाकीट बाजूला ठेवतो आणि मूळ मजकूर आणून दळायला बसतो. म्हणजे मी जे करत होते तेच. फक्त मी कुरकुर करून करत होते.

विश्वास ठेवण्यापूर्वी परीक्षा घेतली. दीक्षाला म्हटलं, एका पाकिटात खडा टाक. तिने आतलं एक अक्षर बदललं. एकच. स्टोअरकीपरने पाकीट फेकून दिलं.

मी टाळी वाजवली. दीक्षा माझ्याकडे बघत राहिली. नंतर घरी जाऊन आजीला सांगितलं असणार, कारण संध्याकाळी येसूबाई डोकावल्या आणि बरं हाय ना म्हणून विचारून गेल्या.

८ मार्च

बहुतेक सगळं तयार मिळालं. एका सकाळी इतकं बसलं की मागच्या पंधरवड्याची लाज वाटली.

ब्राउझर मात्र नाही. का, तर आम्ही मराठी मागितली. तयार पाकीट मराठीशिवाय भरलेलं. लेबल जुळलं नाही, स्टोअरकीपरने बाजूला ठेवलं आणि हे भलं मोठं भात पुन्हा कांडायला घेतलं. ओमने छाटाछाट केल्यामुळे आणखी काही पाकिटंही जुळेनात.

ओमला फोन लावला. म्हणाला, मराठी काढून टाका काकू, बटणं इंग्रजीत असली तर काय बिघडतं, मुलींना सवय होईल.

पनवेलच्या माझ्या कॉन्व्हेंटमध्ये मराठी बोललेल्या मुलीच्या गळ्यात लाकडाची चकती अडकवायचे. पुढची मुलगी मराठी बोलताना सापडेपर्यंत ती काढायची नाही. मी ती पाचवीत एक आख्खा आठवडा घातली होती, कारण मला कुणाला पकडून द्यायचं नव्हतं. नन्सनी मला जे शिकवलं त्याबद्दल मी ऋणी आहे. टाके, टापटीप, इंग्रजी, सगळं. पण चकती ती चकती. मी ओमला म्हटलं, मराठी राहील. आणि मी तुझी काकू नाही.

मग दीक्षानेच मार्ग सांगितला. घरोघरी कांडायची गरज काय, गावात एक गिरणी पुरते. एका ताकदीच्या यंत्रावर ब्राउझर एकदाच दळायचा, त्याची आपली पाकिटं भरायची, सही करायची आणि सहा यंत्रांना तीच द्यायची. ताकदीचं यंत्र म्हणजे माझा लॅपटॉप. किशोरने गेल्या दिवाळीत दिला, व्हिडिओ कॉलवर माझं तोंड बघायला. मी त्यावर पत्ते खेळते.

१५ मार्च

ओम आला आणि लॅपटॉपच्या एका कोपऱ्यात तेच लिनक्स बसवून गेला. या वेळी ताई म्हणाला. सुधारतोय.

आज माझी किल्ली केली. नाव विचारलं, दिलं. मग विचारलं, ही किती काळ चालावी? प्रत्येक बॅचला मुदत असते, सहीला असलेली कधी पाहिली नव्हती. मुदत संपली की यंत्रं ती सही मानत नाहीत. मी एकतीस मे घातली. त्यानंतर मी इथे असणारच नाही. दीक्षा पुस्तकांची कपाटं पुसायला उठली, जी कालच पुसली होती.

पहिलं पाकीट भरून त्यावर सही केली. पडद्यावर एक ओळ उमटली. चांगली सही, असं इंग्रजीत, आणि पुढे माझं नाव. मी ती ओळ दोनदा वाचली. छपाई बरी दिसते.

लॅपटॉप तापतो म्हणून पोळपाट उपडा करून त्यावर ठेवलाय, खालून वारा जातो. एका ठिकाणी एक शब्द लिहायचा होता. तो लिहिला की दळण त्या यंत्राच्या पूर्ण ताकदीनुसार होतं, प्रोग्रॅम वेगाने पळतो. दीक्षा म्हणाली, हा शब्द बाकीच्या यंत्रांना कदाचित... आणि तेवढ्यात किशोरचा फोन आला, पडदे कुठले हवेत म्हणून. फोन ठेवून मी शब्द लिहिला. करायचं तर उत्तम करायचं.

२० मार्च

आज सगळे महाडला, तळ्यावर. दीक्षा पाणीवाटपात. मी घरी गिरणी राखली. पडदे नको म्हणून किशोरला कळवलं.

२९ मार्च

हे लिहू नये असं वाटतं, म्हणून लिहिते.

सगळी पाकिटं तयार होती. माझ्या लॅपटॉपवर ब्राउझर पळत होता, मराठीत, पाण्यासारखा. नमुना पास. दीक्षा म्हणाली, आधी एका यंत्रावर बसवून बघू. मी म्हटलं, सही जुळते, लेबल जुळतं, वेळ कशाला घालवायचा, नागसेनभाऊ येणारच आहेत, त्यांना सहाही दाखवू. सहाही यंत्रांवर चढवलं. स्टोअरकीपरने एकही प्रश्न विचारला नाही. सही खरी, पर्याय बरोबर, सामान घरात. सगळं दहा मिनिटांत.

नागसेनभाऊ आले, टोपी काढून खुर्चीवर बसले. दीक्षाने ब्राउझर उघडला. उघडला नाही. दुसऱ्यावर. नाही. सहाही यंत्रांवर प्रोग्रॅम जन्मताच गेला, आणि जाताना एकच ओळ: बेकायदा सूचना.

नागसेनभाऊंनी विचारलं, बेकायदा म्हणजे पोलीस केस वगैरे? मी त्यांना असं काही उत्तर दिलं की ते टोपी घालून गेले. उत्तर इथे लिहीत नाही. माझ्या मदर सुपीरियरने ऐकलं असतं तर चकती लोखंडाची केली असती.

३० मार्च

वीज, ओम, भंगार यंत्रं, कारखान्याचा स्टोअर ऑफिसर. सगळ्यांवर आळ घेऊन झाला. एकही टिकला नाही.

२ एप्रिल

कारण सापडलं. तो शब्द.

माझ्या लॅपटॉपच्या प्रोसेसरला काही नव्या सूचना येतात, ज्या या जुन्यांना कधी शिकवल्याच नव्हत्या. मी त्याच्या पूर्ण ताकदीने दळायला सांगितलं, त्याने त्या नव्या सूचना वापरल्या. जुन्यांनी त्या वाचल्या आणि हात टेकले. आणि स्टोअरकीपर? तो सही बघतो, पर्याय बघतो, पण माल कुणाच्या ताकदीसाठी दळलाय हे तो तपासत नाही. ते भरणाऱ्याने बघायचं. म्हणजे माल शुद्ध, सही खरी, आणि तरी रोगी दगावला. सही माझी होती. आख्ख्या नोकरीत माझी एकही बॅच परत बोलवावी लागली नाही, आणि इथे पहिलीच.

दीक्षा म्हणाली, मग सोपंय, सहांपैकी सगळ्यांत जुन्याला कळेल एवढ्याच सूचनांत दळायचं. सगळीकडे चालेल.

मी नाही म्हटलं. सहांतली दोन यंत्रं बरी आहेत, त्यांनी त्या म्हातारीच्या चालीने का चालायचं? सगळ्यांत कच्च्या विद्यार्थिनीसाठी पेपर सोपा करायचा, हीच आपल्या देशाची रड आहे. प्रत्येक यंत्रासाठी वेगळं दळू. दर्जा उतरवणार नाही. दीक्षा म्हणाली, तेवढा वेळ नाही. मी म्हटलं, मग वेळ काढ.

तिने आवाज चढवला नाही. "मॅडम, मी शाळेतल्या सगळ्यांत जुन्या कम्प्युटरवर शिकले. चांगल्यावर साहेबांची पोरं बसायची. माझा हळू चालायचा, पण चालायचा. तेवढं पुरलं मला." मग पिशवी उचलली आणि म्हणाली, ऐरोलीवाल्यांचा फोन आला होता, त्यांना लवकर उत्तर दिलेलं बरं.

उत्तर आता सुचतंय, पण ती केव्हाच गेली.

६ एप्रिल

तीन दिवस दीक्षा आली नाही. मी विचारायला गेले नाही. माझ्याकडे सहा यंत्रांचे सहा प्रकार करून दळायचं काम होतं. त्यातला पहिलाही झाला नाही.

आज विहारात जयंतीच्या जेवणाची बैठक. जाणार नव्हते, पण येसूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. चला म्हणाल्या नाहीत, नुसत्या उभ्या राहिल्या. गेले.

चवीसाठी थोडी आमटी केली होती. तशीच मोठ्या पातेल्यात जयंतीला होणार. मी चाखली आणि सांगितलं, ही आमटी आहे की कोमट पाणी. मग येसूबाईंनी पळीने कोपऱ्याकडे दाखवलं. तिथे कुशाबा बसले होते, वाडीतले सगळ्यांत म्हातारे. तोंडात दात नाही, पोटात व्रण. ते भुरकत होते. मांडीवर कुणाचं तरी दोन वर्षांचं पोर, त्यालाही त्याच वाटीतलं भरवत.

"कुशाबाला वेगळं रांधत नाय आमी," येसूबाई म्हणाल्या. "एकच पातेलं. त्याला जमतं तसं करायचं, मग समद्यांना जमतं. तुमाला तिखट पायजे तर ह्यो ठेचा हाय बाजूला. घ्या की."

मी ठेचा घेतला. डोळ्यांत पाणी येईपर्यंत घेतला. नागसेनभाऊ पाण्याचा तांब्या पुढे सरकवून दुसरीकडे बघत होते. त्या दिवशीच्या माझ्या उत्तरानंतर एवढं पुष्कळ.

७ एप्रिल

सकाळी तो शब्द खोडला. त्याजागी सगळ्यांत जुन्या यंत्राला कळेल असा घातला. दीक्षाने सांगितलेला. तिला फोन केला आणि म्हटलं, जुनी पाकिटं परत बोलवायची आहेत, सहाही यंत्रांवरून, हे काम एकटीचं नाही, नियमाने दोघी लागतात. असा नियम कारखान्यात आहे. तिथला नियम इथे लागू होत नाही हे ती म्हणाली नाही.

अर्ध्या तासात आली. येताना आजीने आमटी दिली होती डब्यात. मी तिला विचारलं, ऐरोलीला काय सांगितलंस? म्हणाली, अजून काही नाही. मी म्हटलं, बरं झालं, मग ते कपाट पूस.

९ एप्रिल

लॅपटॉप पोळपाटावर. मी आणि दीक्षा पोळ्या ओट्यावरच लाटतो आहोत. दुपारी वीज गेली, पण लॅपटॉपला स्वतःची बॅटरी, गिरणी थांबली नाही. किशोरने बॅटरी चांगली बघून घेतली होती म्हणे. पत्ते खेळायला एवढी बॅटरी कशाला घेतली असेल कोण जाणे.

११ एप्रिल

या वेळी शहाणपण आधी. एकच यंत्र, सगळ्यांत जुनं, ज्याला मुली आता म्हातारी म्हणतात. तिचा पंखा कशेडी चढणाऱ्या ट्रकसारखा घोंगावतो. पाकीट आलं, स्टोअरकीपरने सही बघितली, लेबल बघितलं, बसवलं. दीक्षाने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, बघतेस काय, उघड.

म्हातारीने विचार केला. खूप केला. आणि ब्राउझर उघडला, मराठीत.

बाकीच्या पाचांवर चढवायला थोडाच वेळ लागला. त्या दोन बऱ्या यंत्रांवर थोडं हळू वाटतं असं मी म्हणणार होते. घड्याळ लावून पाहिलं. फरक मोजण्याइतका नव्हता. हे मी दीक्षाला सांगितलं नाही, तिनेही घड्याळ लावलं होतं.

दुपारी ती मला पहिल्यांदा मावशी म्हणाली. चहात साखर किती म्हणून विचारताना. मी दुरुस्त केलं नाही, कामात होते.

१४ एप्रिल

निळे झेंडे, भाषणं, ढोल, सगळं. नागसेनभाऊंनी अभ्यासिकेचं उद्घाटन पहिल्या गिअरमध्ये केलं. भाषणात म्हणाले, संगणक मॅडमनी दिले आणि दीक्षाने चालवले. मी बसल्या जागेवरून सांगितलं, संगणक कारखान्याने दिले. दोघींनी चालवले. ते म्हणाले, दुरुस्ती मान्य. लोक हसले. माझ्यावर नाही असं वाटतं.

म्हातारीवर पहिली बसली सेजल, बारावीची, पोलीस भरतीची तयारी करते. तिच्या मागे कुशाबा काठी टेकून उभे. तिने मराठीत आपलं नाव टाईप केलं, मग आईचं, मग कुशाबांना विचारलं, तुमचं टाकू? ते म्हणाले, टाक गो, मोठं टाक. तिने एवढं मोठं टाकलं की पडद्यावर दुसरं काही मावेना.

खोली दीक्षाची. मंडपवाल्याला नागसेनभाऊंनी माझ्यासमोर फोन केला आणि खुर्च्या दुसरीकडे ठेव म्हणाले. दीक्षाने ऐरोलीला अंगणात उभं राहून उत्तर दिलं. एक वाक्य बोलली आणि फोन ठेवला. मग जेवायला बसली आणि तीनदा भात घेतला.

आमटी तशीच होती. ठेचाही.

१६ एप्रिल

किशोरचा फोन. तिकडे सगळं तयार आहे, एकतीस मेला गाडी घेऊन येतो म्हणाला. मी त्याला अडचण समजावून सांगितली. ब्राउझरची नवी आवृत्ती दर महिन्याला येते. ती इथे दळावी लागते. दळली की सही लागते. सही माझ्या किल्लीने होते आणि किल्लीची मुदत नेमकी एकतीस मेला संपते. त्यानंतर सहाही यंत्रं नवं पाकीट घेणार नाहीत, आणि जुन्या ब्राउझरवर सराव परीक्षा चालत नाहीत. तो म्हणाला, मग दीक्षाला किल्ली देऊन टाक. मी त्याला विचारलं, दुसऱ्याच्या सहीने बॅच सोडलेली तू कधी पाहिलीस? तो म्हणाला, नाही आई. मग म्हणाला, त्या जांभळ्या खोलीत मी माझं ऑफिस करू का, घरून काम असतं हल्ली. लगेच म्हणाला. मला वाटतं त्याच्या मनात आधीपासून असावं.

तेव्हा आज किल्लीची मुदत वाढवली. यंत्राने विचारलं, किती? एक वर्ष घालणार होते. पण दरवर्षी वाढवायची, सहा यंत्रांना दरवर्षी कळवायचं, ही नसती कटकट. दीक्षा बाजूला उभी होती, तिचंही तेच मत पडलं.

पाच वर्षं घातली. पुढचं पुढे.